कोणाच्या पापामुळे?



आज उपवासकाळाचा चौथा रविवार. आजचे शुभवर्तमान लांब आहे. संत योहानाचा जवळजवळ संपूर्ण नववा अध्याय आज वाचला जातो. वेळ वाचावा म्हणून मिस्साग्रंथात त्याचे एक संक्षिप्त रूपही दिलेले आहे व पुष्कळ ठिकाणी तेच वाचतात. आपण मात्र ते पूर्ण वाचतो, कारण संक्षिप्त वाचनात दोन महत्त्वाच्या गोष्टी गळून पडतात. एक म्हणजे शिष्यांचा प्रश्न आणि दुसरी म्हणजे त्या आंधळ्याचे आईवडील.

जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस वाटेत दिसतो. शिष्य त्याला नाव विचारीत नाहीत, तो जेवला का हे विचारीत नाहीत. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, ती म्हणजे हा असा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या स्वतःच्या की आईबापांच्या? प्रभू येशू दोन्ही पर्याय बाजूला सारतो. दोघांपैकी कोणाचेही पाप नाही, देवाचे कार्य या माणसाच्या ठायी प्रकट व्हायचे आहे, असे तो सांगतो. त्यानंतर तो प्रवचन करीत बसत नाही. जमिनीवर थुंकून चिखल करतो, तो त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो.

पुढे परूशी त्या माणसाच्या आईवडिलांना बोलावून घेतात. त्यांची अक्षरशः उलटतपासणी होते. बिचारे घाबरून एवढेच म्हणतात की हा आमचा मुलगा आहे आणि तो आंधळाच जन्मला होता, बाकीचे त्यालाच विचारा. मुलगा बरा झाला त्या दिवशी आईबापांनी आनंद करायचा, तर त्यांना चारचौघांत उभे राहून जबाब द्यावा लागला. शुभवर्तमानातल्या या आईबापांकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

आज आपण हे चिंतन डोळ्यांवरून हृदयाकडे नेऊ या. आपल्या धर्मग्रामात अशी काही कुटुंबे आहेत ज्यांचे बाळ हृदयातील दोष घेऊन जन्माला आले आहे. बोलीभाषेत आपण त्याला ‘हृदयाला छिद्र’ म्हणतो. त्यांची नावे येथे घेण्याचे कारण नाही. त्यांनी स्वतःहून सांगावे असे वातावरण आपल्यात असावे, एवढीच अपेक्षा आहे. त्या आईबापांनाही आजूबाजूचे लोक जबाब विचारतात. ग्रहण पाळले नव्हतेस का? पोटुशी असताना कुठे गेली होतीस? तुझ्या माहेरी असे कोणाला होते का? बोललेला नवस फेडला का? प्रश्न जवळजवळ नेहमी आईलाच विचारला जातो, बापाला क्वचित.

आधी माहिती घेऊ या. जगभर जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी साधारण एका बाळाच्या हृदयात जन्मजात दोष असतो. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक अशी बाळे जन्मतात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे आणि त्यांतील सुमारे एक पंचमांश बाळांना पहिल्या वर्षाच्या आतच उपचारांची गरज पडते. म्हणजे ही कोणा एका घराण्यावर आलेली विचित्र गोष्ट नव्हे. जन्मजात दोषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा दोष हृदयाचाच आहे.

आता हृदय घडते केव्हा ते पाहा. गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी ते धडधडू लागते आणि आठवा आठवडा संपेपर्यंत त्याचे चार कप्पे, पडदे, झडपा व मोठ्या रक्तवाहिन्या यांची रचना पूर्ण झालेली असते. पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेले आहेत हे तेव्हा नुकतेच कुठे कळलेले असते. सहाव्या महिन्यातले ग्रहण, सातव्या महिन्यात खाल्लेले पपईचे कालवण, आठव्या महिन्यात ओलांडलेला ओढा, या सगळ्यांच्या आधी ते हृदय घडून गेलेले असते. सुनेला दोष देणाऱ्या सासूबाईंनी निदान कॅलेंडर तरी पाहावे.

मग कारण काय? बहुतेक बाळांच्या बाबतीत एकच एक कारण दाखवता येत नाही. काही बाळांत गुणसूत्रांचा फरक असतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो. आईला गर्भधारणेपूर्वीपासून मधुमेह असून तो आटोक्यात नसेल, तिने फिट्सवरील वा मुरुमांवरील काही विशिष्ट औषधे घेतली असतील, दारू किंवा तंबाखूचे सेवन असेल, तर धोका वाढतो. जवळच्या नात्यातील विवाहानेही तो वाढतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याने सख्ख्या चुलत, मावस, मामे व आते भावंडांच्या विवाहाला प्रतिबंध आहे. त्यासाठी सूट मागायला येणाऱ्या कुटुंबांनी आम्हा धर्मगुरूंशी वाद घालण्यापूर्वी एकदा डॉक्टरांशी बोलावे.

आणखी एक कारण रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. 1941 साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक गोष्ट टिपली. मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या अनेक बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता आणि त्यांतील पुष्कळ बाळांच्या हृदयातही दोष होता. आयांचे बोलणे त्यांनी कान देऊन ऐकले म्हणून हे जगाला कळले. कुठे त्या आयांना ‘तुम्ही काय केले’ म्हणून दटावणे आणि कुठे त्यांचे म्हणणे नीट ऐकणे! या आजारावर लस आहे. 2018 सालच्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली तेव्हा नाना अफवा उठल्या आणि काही पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेतच पाठवले नाही. मुलीला ही लस मिळाली आहे की नाही हे लग्नाच्या आधी पाहायचे असते, कारण गरोदरपणात ती देता येत नाही. आमच्याकडे लग्नाची नोंद करायला येणाऱ्या तरुणतरुणींनी स्नानसंस्काराच्या दाखल्याबरोबर हेही तपासून घ्यावे. रक्तातील साखर आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांविषयीही त्याच वेळी डॉक्टरांना विचारावे.

येथे थोडे तत्त्वज्ञान सांगतो. कंटाळू नका, ते रोजच्या उपयोगाचे आहे. संत ऑगस्टीन व त्यांच्यामागून संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की वाईट ही काही स्वतंत्र वस्तू नाही. जे चांगले असायला हवे त्याचा अभाव म्हणजे वाईट. दगडाला दिसत नाही म्हणून आपण दगडाला आंधळा म्हणत नाही. माणसाला दिसत नाही तेव्हा आंधळा म्हणतो, कारण पाहणे हे माणसाच्या स्वभावातच आहे. ‘हृदयातले छिद्र’ हे या शिकवणीचे इतके नेमके उदाहरण आहे की आजच्या वैद्यकशास्त्राने ते मुद्दाम शोधून दिले असे वाटावे. छिद्र म्हणून कोणी काही हृदयात टाकलेले नसते. पडदा जेथे असायला हवा होता तेथे तो नाही, एवढेच. कोणी ‘केलेली’ करणी तेथे शोधून सापडणार नाही, कारण तेथे कोणतीही वस्तूच नाही.

त्याहून आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. आपण सर्व जण हृदयाला छिद्र घेऊनच जन्मलो आहोत. उदरात बाळाची फुप्फुसे काम करीत नाहीत. प्राणवायू आईकडून वारेतून व नाळेतून येतो. म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेसारखी वाट उघडी ठेवलेली असते आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळीही असते, जेणेकरून रक्त फुप्फुसांना वळसा घालून जावे. बाळ पहिल्यांदा रडते, फुप्फुसे हवेने भरतात, दाब बदलतो आणि ती झडप मिटते. नळी पुढील दोन-तीन दिवसांत आवळत जाते. पण प्रौढांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात ती झडप पूर्ण चिकटलेलीच नसते. म्हणजे आज या देवळात एका बाकावर बसलेल्या चार जणांतील एकाच्या हृदयात ती बारीक फट आजही असेल आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल. उदरात जे छिद्र जीव राखते तेच जन्मानंतर मोठे उघडे राहिले तर जीव दमवते. शेजारच्या घरातील बाळाच्या हृदयाबद्दल कुजबुजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

हे दोष सर्व सारखे नसतात. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचे छिद्र, ज्याला डॉक्टर व्हीएसडी म्हणतात, ते सर्वांत जास्त आढळते. ते लहान असेल तर पुष्कळदा आपोआप बंद होते. मोठे असेल तर फुप्फुसांकडे गरजेपेक्षा फार जास्त रक्त ढकलले जाते. असे बाळ दूध पिताना थांबून थांबून पिते, कपाळाला घाम येतो, श्वास भरभर चालतो, वजन वाढत नाही, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. आपल्याकडे आजी म्हणते, बाळाला दृष्ट लागली आहे, अंगावर धरत नाही. काही दोषांत अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळते. मग रडताना बाळाचे ओठ, जीभ, नखे निळसर पडतात. टेट्रालॉजी ऑफ फॅलो नावाच्या दोषात थोडे मोठे झालेले मूल खेळताना दमले की उकिडवे बसते. ते आळशी नसते. उकिडवे बसल्याने त्याच्या फुप्फुसांकडे जाणारे रक्त थोडे वाढते आणि त्याला बरे वाटते, हे त्याचे त्यालाच कळलेले असते.

ही लक्षणे दिसली तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे व त्यांनी सांगितल्यास टूडी इको करून घ्यावा. ही सोनोग्राफीसारखी तपासणी आहे, सुई टोचत नाहीत. बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी बाळाच्या उजव्या हाताला व पायाला प्राणवायू मोजण्याचे यंत्र लावले का, हेही विचारावे. करोनाच्या काळात हे यंत्र घरोघर आले, पण मोठ्यांच्या बोटाचे यंत्र बाळाला चालत नाही, त्याची पट्टी वेगळी असते. आकडा 95 च्या खाली असेल तर पुढील तपासणी करायची असते.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. ती गोष्ट म्हणजे थांबणे. डॉक्टर कधी कधी थांबायला सांगतात. छिद्र लहान आहे, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असे म्हणतात. ते थांबणे विचारपूर्वक असते आणि तपासण्या चालू असतात. घरातले थांबणे वेगळे असते. एवढ्याशा जिवाची छाती कशी उघडायची, अमक्या रिट्रीटला जाऊन येऊ, वेलंकणीचा नवस आहे तो होऊ दे, बांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे बाळ वाहिले आहे, काय होते ते पाहू. मोठे छिद्र असे दोन-चार वर्षे राहिले तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जास्तीच्या दाबाने कायमच्या कठीण होतात. मग रक्ताचा प्रवाह उलटा फिरतो, मूल निळे पडू लागते आणि एक दिवस डॉक्टर सांगतात की आता छिद्र बंद करता येणार नाही, बंद केले तर मूल दगावेल. जे ऑपरेशन पहिल्या वर्षात मुलाला जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य देऊ शकले असते ते आता उपलब्धच नसते.

नवस करू नका असे आम्ही म्हणत नाही. मोत माउलीपाशी लावलेली प्रत्येक मेणबत्ती आम्हाला प्रिय आहे. पण आजचे शुभवर्तमान पुन्हा पाहा. प्रभूला नुसत्या शब्दाने डोळे देता आले असते. त्याने चिखल कालवला, हात माखून घेतले आणि त्या आंधळ्याला चालत तळ्यापर्यंत पाठवले. तो माणूस चिखल लावून तेथेच गुडघे टेकून बसला असता तर? बेन सिराच्या ग्रंथात तर स्पष्ट शिकवण आहे की वैद्यालाही देवानेच निर्माण केले आहे आणि शहाणा माणूस औषधाचा तिरस्कार करीत नाही. ज्या घरी ऑपरेशनची तारीख मिळाली आहे त्या घरी नोव्हेना त्या तारखेसाठी करावी, तारखेऐवजी करू नये.

देवाचे कार्य कसे प्रकट होते त्याचे एक उदाहरण सांगतो. 29 नोव्हेंबर 1944 रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका निळ्या पडलेल्या चिमुकलीवर ऑपरेशन झाले. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडून फुप्फुसांकडे अधिक रक्त नेण्याचा मार्ग तयार करण्यात आला. ही कल्पना मांडणाऱ्या डॉ. हेलन टाऊसिग यांना नीट ऐकू येत नसे. मुलांची छाती त्या बोटांनी चाचपून ओळखत. शस्त्रक्रिया करणारे होते डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून प्रत्येक टाका सांगत होते व्हिव्हियन थॉमस, ज्यांनी प्रयोगशाळेत प्राण्यांवर हे तंत्र बसवले होते. थॉमस कृष्णवर्णीय होते. मंदीच्या काळात बँक बुडून शिक्षणाचे पैसे गेल्यामुळे ते डॉक्टर होऊ शकले नव्हते. त्याच संस्थेने 1976 साली त्यांना मानद डॉक्टरेट दिली. एक बहिरी बाई आणि पदवी नसलेला एक सहायक! आज जगभर लाखो मुले अशा वाटांनी वाचलेली आहेत.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एम्समधील अभ्यासात असे आढळले की हृदयाच्या ऑपरेशनचा सल्ला मिळाल्यावर मुलांच्या मानाने मुलींना कमी प्रमाणात ऑपरेशनसाठी आणले जाते. पैसा हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे छातीवरचा व्रण आणि त्यामुळे पुढे लग्न कसे जमेल ही काळजी. हे दिल्लीचे आहे, आपल्या वसईचे नाही, असे म्हणून सुटका होणार नाही. स्थळ पाहताना ‘मुलीचे लहानपणी काही ऑपरेशन झाले होते का’ ही चौकशी आपल्याकडेही होते आणि कधी कधी ती फोनवरून आम्हाच धर्मगुरूंकडे केली जाते. पवित्र हृदयाची तसबीर आपल्या घराघरात आहे. ते हृदय उघडे आहे, भाल्याने विंधलेले आहे, त्याचा व्रण चित्रकाराने झाकलेला नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2024 च्या ऑक्टोबरमध्ये याच हृदयावर एक विश्वपत्र लिहिले. त्या तसबिरीसमोर रोज संध्याकाळी दिवा लावायचा आणि छातीवर टाक्याची रेघ असलेली सून नको म्हणायचे, या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतात?

अठराव्या ते बाविसाव्या आठवड्याच्या सुमारास केलेल्या तपासणीत पुष्कळ मोठे दोष जन्माआधीच दिसतात. अशा वेळी पतिपत्नी हादरून जातात आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर कायदाही गर्भपाताची वाट पूर्वीपेक्षा रुंद करून देतो. ख्रिस्तसभेची भूमिका तुम्हाला ठाऊक आहे. हा जीव देवाचा आहे, दोषासकट. पण नुसती भूमिका ऐकवून आम्ही मोकळे होणार नाही. त्या जोडप्याने घाईने काहीही ठरवण्याआधी लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे व नेमका दोष कोणता, ऑपरेशन होते का, किती टप्प्यांत, असे विचारावे. बहुतेक दोषांवर आज उपचार आहेत. काही दोष खरोखर फार कठीण आहेत आणि काही बाळे जगत नाहीत, हेही आम्ही लपवीत नाही. आधी कळल्याचा खरा फायदा असा की बाळंतपण हृदय-शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाजवळ करता येते. त्या काळात आमच्याकडे या. रात्री आलात तरी चालेल.

खर्चाविषयी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा पथक येऊन मुलांना तपासते. त्यांनी हृदयाची शंका काढली तर चिठ्ठी दप्तरात हरवू देऊ नका, त्या चिठ्ठीवर पुढील उपचारांची सोय होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही मुलांच्या हृदयाची ऑपरेशने होतात. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात ही ऑपरेशने पूर्णपणे विनामूल्य केली जातात, धर्म विचारला जात नाही. परळचे वाडिया रुग्णालय तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

संस्कारांबाबत थोडेसे. बाळ गंभीर असेल तर स्नानसंस्कारासाठी बारशाची, कपड्यांची, आखातातून येणाऱ्या मामाची वाट पाहू नये. आम्ही रुग्णालयात येऊन स्नानसंस्कार देतो व अशा वेळी दृढीकरणही देता येते. धर्मगुरू पोहोचू शकत नसतील तर नर्स, आजी, कोणीही ख्रिस्तसभेचा हेतू मनात धरून कपाळावर पाणी ओतत पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देऊ शकतात. नंतर आम्हाला कळवावे, म्हणजे नोंद करता येईल. जाण येण्याच्या वयाच्या मुलाला ऑपरेशनपूर्वी तैलाभ्यंग देता येतो. त्यासाठी आदल्या रात्री धावपळ न करता आदल्या रविवारी सांगावे.

मुंबईला ऑपरेशनसाठी गेलेल्या आईबापांना पंधरा-वीस दिवस घर सोडावे लागते. घरी दुसरे मूल असते, म्हातारी असते, गुरे किंवा केळीची बाग असते. संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीच्या सभासदांनी या कामाची आपापसात वाटणी करून घ्यावी. ऑपरेशनसाठी रक्तही लागते. अठरा वर्षांवरील ज्या युवक-युवतींना गरज पडेल तेव्हा रक्तदान करता येईल त्यांनी नाव, रक्तगट आणि फोन नंबर दुसऱ्या मिस्सानंतर कार्यालयातील वहीत लिहून ठेवावा. ओ निगेटिव्ह असलेल्यांनी आपल्या नावाखाली रेघ ओढावी.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू